खालच्या गावचा अंक

कोंडिबातात्या चहा उभ्यानं प्यायचे आणि अंक आधी कपाळाला लावून मगच हातात द्यायचे. वहीची आठ पानं, निळ्या कार्बननं उमटवलेली, गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली. वर मोठ्या अक्षरांत ‘खालचं गाव’. संपादक, लेखक, पोष्टमन सगळं तात्याच.

डिंभ्याच्या धरणात आमचं गाव बुडालं. तिथं तात्या दवंडी द्यायचे. गाव पांगलं, आम्ही निमगाव साव्याला आलो. दवंडी ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा तात्यांनी हा उद्योग मांडला. दर अवसेला दोन एस्ट्या बदलून ते घरोघर अंक पोचवायचे.

बातम्या मात्र पाण्याखालच्या गावच्या. पांगल्यावर आमच्यातलं जे कुणी मेलं, ते तात्यांच्या लेखी आपापल्या घरी परत गेलं होतं. ‘शिवा सुतारानं दाराला नवी कडी बसवली.’ ‘पारूआत्याची म्हैस व्याली.’ म्हाताऱ्याला वेड लागलंय, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो. तात्या रागावले नाहीत.

“दुपारी पाण्याच्या कडंला बसतो. कानावर येतं त्ये लिवतो. दवंडीवाल्यानं पदरचं काय घालायचं नसतं, राव.”

मग हौसाकाकूचं झालं. अंकात होतं, ‘हौसाकाकू आली, अंगणात नाचणी वाळत घातली.’ आणि काकू तर समोर बसून लसूण सोलत होती! तात्या ओशाळले, चुकलं म्हणाले, तिच्या पाया पडले. तिसऱ्या दिवशी काकू गेली. तेव्हापासून अंक उघडायची मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. तरी तात्यांना उशीर झाला की मीच चारदा फाट्यापर्यंत जाऊन यायचो. अंक नको म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

आईचा तर जीवच त्या आठ पानांत अडकला होता. माझा थोरला भाऊ बाळू कामाला म्हणून मुंबईला गेला, त्याला सात वर्षं झाली होती. ना चिठ्ठी, ना फोन. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचायचो आणि ती एकेक नाव कान देऊन ऐकायची. बाळूचं नाव नाही म्हणजे बाळू जिवंत आहे, एवढा तिचा हिशेब. तरी जाताना तात्यांना दारात विचारल्याशिवाय ती राहायची नाही.

“नाय दिसला, वैनी,” तात्या म्हणायचे. “घोर करू नका.”

एका अवसेला तात्यांऐवजी त्यांची सून आली. मामंजी चार दिवसांपूर्वी गेले, उशाखाली हा अंक शिवून ठेवला होता, म्हणाली. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाली, वाच.

मी वाचत गेलो. शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या. ‘दवंडीवाला कोंडिबा आला. वाटेत बाळू भेटला, दोघं बरोबरच उतरले.’

मी पहिली ओळ वाचली, संपलं म्हणालो आणि अंक मिटला. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर सून चपला घालत होती, तीही थांबली.

“कुठं लिवलंय त्याचं नाव?” आई म्हणाली. “तेवढं दाव.”

मी पान उघडून दाखवलं. तिनं त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि लहानपणी त्याला थोपटायची तशी थोपटत बसली.