बाबांच्या माशांसाठी मी निवडलेलं पाणी

आज रविवार. सकाळी साडेसात वाजता मी अकोल्याच्या घरी माशांच्या काचेच्या पेटीतलं पाणी बदलायला घेतलं. मित्रहो, आपल्या या एकमेकांकडे फिरणाऱ्या वहीत चूक लपवायची नाही असं ठरलं आहे, म्हणून आजच लिहितो.

मांडीचं हाड मोडल्यापासून बाबा खाटेवरच असतात. चार मासे पाहण्यात त्यांचा दिवस जातो.

नळाला दोन दिवस गढूळ पाणी येत आहे. ते कसं साफ करावं, यावर मी तासभर विचार केला. अमरावतीच्या मित्राने याच वहीत एकावर एक तीन माठांची रीत लिहिली होती. वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, खाली गाळलेलं पाणी. पण त्याला दिवस लागतो.

आई म्हणाली, "तीन माठ कोन मांडते आता? पेयाच्या पान्यात फिरवतो तशी तुरटी फिरव."

मी फिरवली. खात्री व्हावी म्हणून जरा जास्तच फिरवली. पाणी इतकं नितळलं की तळाचा खडान्‌खडा दिसू लागला. मग मासे सोडले.

दहा वाजता बाबांनी हाक मारली, "काहून रे, मासे हालून नाही राहिले?"

चारही मासे आडवे होऊन वर आले होते. जास्तीची तुरटी त्यांना सोसली नव्हती. मला रडू आवरेना.

"तुयी चूक नाई राजा," बाबा म्हणाले. "आपन बी तेच पानी पेतो." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तुम्ही माशांचं पाणी कसं साफ करता, ते सविस्तर लिहा. मासे गेले तरी मी आता तिन्ही माठ मांडले आहेत. पाणी थेंबथेंब गळत आहे. बाबांनी अजून इकडे पाहिलेलं नाही.