चकचकीत कार्डावरची नावं

माझ्याकडे कामाला असलेल्या प्रमिलाताईंनी गठ्ठा मोजायला अंगठा जिभेला लावला आणि तिसऱ्याच कार्डावरचा पत्ता पुसला गेला. अंगठा काळाकुट्ट.

“भाऊ, हे त पुसून राह्यलं!”

“काहीतरीच काय!” म्हणत मी स्वतः ओलं बोट फिरवलं. नाव, गाव, पोस्ट, एका फटक्यात साफ. अन् सहाशे कार्डं छापून झाली होती.

यवतमाळला माझं टपालाचं काम होतं. लोकांच्या पत्रकांवर, अंकांवर मशीनने पत्ते छापायचे, गावाप्रमाणे गठ्ठे बांधायचे, पोस्टात टाकायचे. हे मशीन शाईचे बारीक थेंब उडवतं. साधा कागद थेंब पितो. चकचकीत कागदावर कोटिंग असतं, थेंब वरच बसून राहतो. त्याला लवकर वाळणारी वेगळी शाई लागते. ती माझ्याकडे नव्हती. मी आधी तपासायला दहा कार्डं छापली, चहा घेतला, कोरड्या बोटाने घासून पाहिली आणि स्वतःवर खूश झालो. शहाणाच मी!

कापसाची पार वाट लागलेली ती वर्षं. अळीपायी फवारण्या वाढल्या होत्या आणि फवारणारी माणसं आजारी पडत होती. एक निवृत्त कृषी अधिकारी, आमचे सर, कळंबकडच्या चार गावांत शनिवारी मास्क आणि हातमोजे वाटणार होते. स्वतःच्या नावाचं कार्ड दाखवायचं, सामान घ्यायचं. कार्ड नाही तर मास्क नाही. फवारणीच्या पाण्याने खराब होऊ नये म्हणून चकचकीत कार्डाचा हट्ट सरांचाच.

मी फोन केला. “सर, तुमचं कार्ड पाणी पीत नाही, तशी शाईपण पीत नाही.”

“मंग आता?”

“पुसतो अन् हातानं लिहितो.”

“लिहा, पन आजच्या डाकेत गेले पाह्यजे!”

स्पिरिट आणि कापूस आणला. माझ्याकडच्या पाचही बाया त्याच चार गावांतून एसटीने यायच्या. पक्क्या शाईचे मार्कर घेऊन बसल्या. अर्ध्या तासात प्रमिलाताई थांबल्या.

“भाऊ, या पाटलाचं नाव कायले लिहू? ते कधी पंप पाठीवर घेत नाही. फवारनी त त्यायचा सालदार करते.” सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी.

“यादी सातबाऱ्यावरून केली आहे, ताई. ज्याचं शेत, त्याचं नाव.”

“सातबारा फवारते का?” त्यांचा आवाज चढला. “आमच्या घरचा मानूस रोज दुसऱ्याच्या वावरात फवारते. रात्री डोळे चोळत बसते. त्याचं नाव कोन्या यादीत हाये?”

सहा वर्षं त्या माझ्याकडे होत्या, नवरा काय करतो हे मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली. पुन्हा फोन लावला. सरांना सगळं सांगितलं.

“मी बी गाढवच,” ते म्हणाले. “त्या बायायलेच इचारा कोन फवारते. तेच नाव लिहा.”

मग काय, ऑफिसचा बाजार झाला. “अवो, तो बबन कुठचा? तो त घाटंजीले गेला!” “त्याचा भाऊ लिहा मंग!” पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं असताना गठ्ठे पोचले.

शनिवारी मी मुद्दाम गेलो. रांगेत प्रमिलाताईंचे यजमान होते. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून खिशात जपलेलं.

मी हसलो. “अहो, पाण्यानं काही होत नाही त्याले.”

“माहीत हाये,” ते म्हणाले. “पन माह्या नावानं आलेलं हे पयलंच टपाल हाये, भाऊ.”

तेव्हापासून चकचकीत कागदावरची शाई मी ओल्या अंगठ्यानेच तपासतो. आणि यादी मशीनला देण्याआधी प्रमिलाताईंना दाखवतो.