फाळक्यावरची थाप

फाळक्यावर थाप पडल्याशिवाय आमचे उस्ताद मामा ट्रक मागे घेत नसत. क्लीनरने खाली उतरायचं, मागे कोणी नाही हे बघायचं आणि ट्रकच्या मागच्या फळीवर, म्हणजे फाळक्यावर, दोनदा हात आपटायचा. मगच गाडी हलायची. क्लीनर जेवत असला तर मामा स्टिअरिंग धरून बसून राहत. मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, आरसे काय भांग पाडायला लावलेत?"

"आरशात रस्ता दिसते माय, रांगतं लेकरू दिसत नाही."



आमच्या गावात, दुसरबीडमध्ये, त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, लहानथोरांचे ते उस्तादच. चप्पल काढूनच केबिनमध्ये चढायचे. ट्रकचा विमा, परमिट, पासिंग, एकाचीही तारीख त्यांनी कधी चुकू दिली नाही.

चुकली ती स्वतःची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, मग साखर वाढली म्हणून दुसरं लांबलं. नजर स्वच्छ होईपर्यंत जड गाडीच्या लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटून गेलं होतं. आता डॉक्टरचा दाखला आणायचा आणि नवशिक्यासारखी पुन्हा परीक्षा द्यायची. मामी म्हणाली, "बस झालं, आता घरी राहा." मामा ओट्यावर बसून रस्त्यावरचे हॉर्न ऐकत राहायचे. मला ते बघवत नव्हतं.

"गाडीचं पासिंग चुकू देलं नाही, अन् माह्यंच राह्यलं," ते म्हणाले. "ट्रकच नाही चालोता आला, तं लोक मले उस्ताद काऊन म्हणतीन?"

दाखला मिळाला. परीक्षेला आम्ही आमचाच ट्रक बुलढाण्याला नेला. चालवायला दुसरा ड्रायव्हर, आणि मामा क्लीनरच्या जागेवर. प्रत्येक वळणाला त्यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता.

मैदानावर वळणं झाली, चढावर थांबून गाडी उचलणं झालं, सगळं झकास. मग परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब म्हणाले, "आता मागे घ्या."

गाडी हलेना. मामा ढिम्म. क्लीनर नाही, थाप कोण देणार? मी पुढे धावले तर शिपायाने अडवलं. बाहेरच्याने मदत केली की परीक्षा रद्द.

"जमत नसेल तर उतरा खाली," साहेब कातावले.

आणि मामा खरंच उतरले. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

मामा अनवाणीच मागे गेले. वाकून चाकांखाली बघितलं. मग स्वतःच फाळक्यावर दोनदा हात आपटला, लगबगीने केबिनमध्ये चढले आणि एका दमात, जमिनीवर आखलेल्या पट्ट्याला न शिवता, अख्खा ट्रक मागे घेतला.

"हे काय होतं, काका?" साहेबांनी विचारलं.

"क्लीनर नव्हता न साहेब. मंग म्याच झालो."

साहेब हसले आणि पास केलं. येताना चिखलीला मामांनी आम्हाला जिलेबी चारली, स्वतःही दणकून खाल्ली. साखरेचा विषय मी काढला नाही.

लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात पहिली खेप ठरली. क्लीनर मागे निघाला तर मामांनी त्याला थांबवलं. "थांब बे. आज आमची बाई देईन."

मी मागे गेले. वाकून चाकं बघितली, मामीची कोंबडी हाकलली आणि सगळा जीव एकवटून दोनदा हात मारला. ट्रक मागे आला, वळला आणि रस्त्याला लागला. तळहात झिणझिणत होता, डोळे भरून आले होते. तेवढ्यात मामांनी असा लांबलचक हॉर्न दिला, की अख्ख्या दुसरबीडला कळलं, उस्ताद निघाले.