खिशातला फ्यूज

आलोचविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात त्याचा विषय निघाला की मला एकदम झाडांना पाणी घालायचं आठवायचं. पण आता वयाची पंचाहत्तरी उलटली, आणि ही गोष्ट सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. एक माझी बायको आहे. पण ती सांगणार नाही, कारण ती मी सांगावी म्हणून इतकी वर्षं थांबली आहे.

त्याचं नाव दामोदर. पेणला हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये तो गाड्यांची वायरिंगची कामं करायचा. फोन केला की पलीकडून एकच शब्द यायचा, "आलोच." मागे कुकरची शिटी ऐकू येत असायची, म्हणजे स्वारी अजून जित्याला घरीच, आणि तरी "आलोच, वडखळला हाय." वडखळ पेणच्या एका बाजूला, जिते दुसऱ्या बाजूला. पण त्याला विचारणार कोण? सगळे त्याला आलोचच म्हणायचे. शेडवरच्या पाटीवर दुसरं काहीतरी भारदस्त नाव होतं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझी त्याची गाठ पडली ती गाडीच्या दारांमुळे. दरवर्षीसारखा मूर्ती ठरवायला मी रोह्याहून पेणला गेलो होतो. कारखान्यासमोर गाडी उभी केली आणि चारी दारं आपोआप लागली, उघडली, पुन्हा लागली. मूर्ती रंगवणारी पोरं हात थांबवून बघत होती. त्यांच्यातल्याच एकाने आलोचचा पत्ता दिला.

त्याची तऱ्हाच निराळी होती. आधी तो गाडीत एकटा बसायचा, काचा लावून, डोळे मिटून. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस झोपला. मग रिमोट दाबायला सांगायचा आणि नुसता ऐकायचा. प्रत्येक दाराचा खटका वेगळा वाजतो, असं त्याचं म्हणणं होतं. "तीन दारं बोलतायत सर, चौथं रुसलंय." बाहेर आला की मात्र तोंडाचा पट्टा सुरू. अंदाज छातीठोक सांगायचा आणि निम्म्या वेळा चुकायचा. माझ्या गाडीत उंदराने वायर खाल्ली म्हणून त्याने शपथेवर सांगितलं, अर्धा डॅशबोर्ड खोलला, उंदराची लेंडीसुद्धा निघाली नाही. मग स्वतःच हसत सुटला. "उंदीर हुशार निघाला, शिकलेला असंल."

दोष शेवटी ड्रायव्हरच्या दारात सापडला. दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी नळीतून वायरी जातात; दार उघडून-मिटून त्यातली एक तुटत आली होती, आणि दारातली छोटी मोटरही अडकत होती. वायर त्याने जोडून दिली. मोटर पनवेलहून मागवावी लागणार होती, आणि गणपतीच्या गर्दीत ती येणं कठीण. मग त्याने स्टिअरिंगखालच्या डब्यातून सेंट्रल लॉकचा फ्यूज उपटला आणि माझ्यासमोर गाडीच्या कप्प्यात टाकला.

"गणपती झाले की या. तवर चारी दारं हातानं लावायची. ह्यो फ्यूज लावायचा नाय. लावलात तर दार तुमचं आयकणार नाय, माझंबी नाय."

मी हो म्हटलं. आणि चार दिवस खरोखर हाताने दारं लावली.

इथे माझ्या धाकट्या भावाला आणायला हवं. त्याच्या गाड्या डोलवीच्या कंपनीत शिफ्टची माणसं ने-आण करायला लागलेल्या होत्या, त्यामुळे गाड्यांमधलं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. मी एकेक दार लावत गाडीभोवती फिरताना तो ओट्यावरून म्हणाला, "दादा, प्रदक्षिणा झाली असेल तर चहा घ्यायला या." सुना हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. पण त्याच वर्षी मी गाडी फाटकाला घासली होती, आणि दादांनी आता गाडी चालवू नये असं घरात हळूहळू बोललं जात होतं. त्या संध्याकाळी मी कप्प्यातला फ्यूज काढून जागेवर लावला. रिमोट दाबला. चारी दारं एका आवाजात लागली. आलोच उगाच घाबरवतो, असंच मला वाटलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघं मूर्ती आणायला गेलो. आमच्याकडे रीत अशी की, कारखान्यातून उचललेली मूर्ती घरच्या पाटावर बसेपर्यंत खाली टेकवायची नाही. तोंडावर रुमाल झाकलेली मूर्ती मांडीवर घेऊन बायको मागच्या सीटवर बसली. परतीच्या वाटेवर गडब गावात केवडा विकायला दिसला म्हणून मी गाडी बंद केली, किल्ली तशीच ठेवून उतरलो आणि दार ओढलं. मागे खटका वाजला.

मी केवडा घेऊन येईतो चारी दारं लागली होती. मागच्या दारांना नातवासाठी चाइल्ड लॉक लावलेलं, ती आतून उघडत नव्हती. गाडी बंद, म्हणून काचाही खाली येईनात. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, आणि बायकोला दम्याचा त्रास. मी काचेवर हात आपटून सांगत होतो, मूर्ती बाजूला ठेव आणि पुढे येऊन दार उघड. ती मान हलवून नाही म्हणत होती. दोन्ही हात मूर्तीभोवती घट्ट. काच फोडावी तर तुकडे तिच्यावर आणि मूर्तीवर जाणार. घाम तिच्या नाकावरून गळत होता आणि ती रुमाल घसरू नये म्हणून हनुवटीने दाबून धरत होती.

मी आलोचला फोन केला. "आलोच," तो म्हणाला. मागोमाग दुसरा फोन करून मी भावालाही बोलावलं, कारण त्या शब्दावर माझा विश्वास नव्हता.

पण त्या दिवशी तो खरोखर आला. मोटरसायकलवर, पायांत चप्पलही नव्हती. आधी काचेशी वाकून बायकोला म्हणाला, "काकू, बाप्पाला धरून ठेवा, तुम्हाला मी धरतो." मग पुढच्या दाराच्या फटीत लाकडी पाचर सारली, आतून वाकडी तार सोडली आणि लॉकचा खुंटा वर ओढला. खुंटा वर आला, आणि टक करून पुन्हा खाली बसला.

आलोचचा हात थांबला. फ्यूज नसता तर तो आवाज आला नसता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी केवड्याकडे बघितलं, अजून हातातच होता तो.

दुसऱ्या वेळी त्याने एका हाताने खुंटा ओढला आणि खाली पडायच्या आत दुसऱ्या हाताने कडी खेचली. दार उघडलं. तो आत वाकला, स्टिअरिंगखाली हात घालून फ्यूज उपटला, मुठीत धरला, मग मागचं दार उघडलं. बायको बाहेर आली ती मूर्तीसकट. जमलेल्या गर्दीतल्या बायकांनी तिला सावलीत बसवलं. "ठेव गो आता बाप्पाला," कोणी तरी म्हणालं. तिने ठेवलं नाही.

तेवढ्यात भाऊ पोचला. काय झालं, कोणी दुरुस्त केली होती गाडी, असं त्याने मोठ्याने विचारलं. मी म्हणालो, "यानेच. आठवडा नाही झाला."

एवढंच बोललो मी. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. पुढचं सगळं भाऊ बोलला, पन्नास माणसांसमोर. आज वहिनी गेली असती, तुझ्या हातात गाडी देणाराच मूर्ख, कंपनीची एक गाडी आता तुझ्या शेडवर येणार नाही, आणि बरंच. आलोच, ज्याचं तोंड कधी थांबत नसे, एकेक हत्यार पुसून पिशवीत ठेवत होता. हत्यारं आवरून झाल्यावर तो हात मिळवल्यासारखं करून माझ्या मुठीत फ्यूज सरकवत हळूच म्हणाला, "खिशात ठेवा, सर. कोणी बघंल."

भावाने बोलल्याप्रमाणे केलं. त्याचे ड्रायव्हर गाड्या आलोचकडेच न्यायचे, ते बंद केलंच, शिवाय ओळखीच्या कंत्राटदारांनाही सांगितलं. शिफ्टच्या गाड्यांवर आलोचची शेड चालत होती. वर्ष-दीड वर्षात तिला कुलूप लागलं. तो जित्याला घरी बसून मिक्सर, पंखे दुरुस्त करू लागला. विचारलं तर म्हणे सांगायचा, "गाड्यांचा कंटाळा आला, पंखा बोलत नाय, बरा हाय."

बायकोने उपटलेला फ्यूज बघितला होता. पुढे दर वर्षी मूर्ती मांडीवर घेऊन गाडी निघाली की मागून विचारायची, "सांगितलंत का त्याला? आणि भावजींना?" मी गाडी चालवण्यात गुंतलोय असं दाखवायचो.

मागच्या उन्हाळ्यात कळलं की आलोच आजारी आहे. मी एकटाच जित्याला गेलो. तो पडवीत खाटेवर पाठमोरा बसला होता, पार खंगलेला. मी गाडीचं दार लावलं आणि तो मागे न बघताच म्हणाला, "सर आलं. ड्रायव्हरचं दार अजून रुसल्यालं हाय तुमचं."

त्याच्या बायकोने चहा दिला. त्याने उंदराची गोष्ट पुन्हा सांगितली. आता त्यात उंदीर खरोखर सापडला होता. मग विचारलं, "काकू अजून बाप्पा मांडीवरच आणतात?" मी हो म्हटलं. "लई घट्ट बाई," तो म्हणाला. मग कप बाजूला ठेवला. "बोला सर. कायतरी बोलायला आलाव."

मी म्हणालो, "ते दार जरा बघतोस का?"

तो बायकोच्या खांद्याला धरून उठला, गाडीत जाऊन बसला, काचा वर घेतल्या, डोळे मिटले. मी बाहेर उभा होतो. बराच वेळ तो तसाच ऐकत बसला होता.

गणपतीच्या आधीच तो गेला. दिवसकार्याला मी गेलो नाही. त्या आठवड्यात भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता कशाला उकरून काढताय, दादा. म्हणून इथे लिहितो आहे. त्या उन्हाळ्यात रोह्याहून जित्यापर्यंत गाडीत एकटाच मोठ्याने म्हणत गेलो होतो, ते एवढंच होतं: दामोदर, फ्यूज मी लावला होता. तुझ्या कामात काही चूक नव्हती. तेव्हाच सर्वांसमोर सांगायला हवं होतं. मला माफ कर.