तुमचा पेन ड्राईव्ह लावू नका

सोमवार, २८ जुलै, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सातवीचा मराठी माध्यमाचा वर्ग, विज्ञानाचा तास. भिंतीवरच्या पडद्यावर एकच ओळ उमटली होती: आयात झालेले प्रश्न ०.

मी वीस प्रश्न तयार केले होते. उष्णता, प्रकाश, आम्लं. प्रश्नमंजूषेच्या खेळाचं हे नुकतंच आलेलं सॉफ्टवेअर वर्डची फाईल घेतं, क्रमांकावरून प्रश्न ओळखतं, चांदणीच्या खुणेवरून योग्य उत्तर ओळखतं. मग मुलं गट पाडून खेळतात. नियम सोपे आहेत. मी ते काटेकोर पाळले होते. तरीही शून्य.

शाळेचा संगणक ज्यांच्या ताब्यात आहे ते सर गावच्या जुन्या पटवारी घराण्यातले. सगळे त्यांना पटवारी सरच म्हणतात. ते खुर्चीत रेलले आणि वर्गाकडे पाहून म्हणाले, “काऊन मॅडम? मशीन कोटा मानत नाही वाटते!”

मुलं हसली. कोटा म्हणजे काय हे निम्म्यांना ठाऊक नसेल. कुणाला हसायचं, ते बरोबर कळलं.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे. ज्या शेतांवर माझ्या आजोबांनी मजुरी केली, त्यांतली काही याच सरांच्या घरची. आणि मी म्हणाले, “सॉरी सर.” मी म्हणाले. ही नोंद टाळता येणार नाही.

दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. “शुक्रवारी मंडल शिक्षणाधिकारी येऊन राह्यले. त्यांच्यासमोर बी असंच झालं, तर मराठी विभागाचा कंप्युटरचा तास बंद. तेलुगूवाल्यांले देऊन टाकतो.”

आठवड्याला एक तास. सरहद्दीवरच्या, तेलुगू मुलखातल्या आमच्या या गावात भाजीवाल्यांच्या, किराणावाल्यांच्या, मजुरांच्या मुलांचा हात संगणकाला तेवढाच लागतो. माझ्याकडे चार दिवस होते.

वहीत रकाने आखले. वेळ, फाईल, बदल, आयात झालेले प्रश्न. मंगळवारी चित्रं काढून टाकली. शून्य. अक्षरांचा साचा बदलला. शून्य. तक्ते काढले. शून्य. एका वेळी एकच घटक बदलायचा, हे मला प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. घटक संपले. उरला फक्त माणूस.

मला पटवारी सरांचा संशय आला. फाईल त्यांच्याच हातून संगणकावर जायची; तेच ती बिघडवत असणार.

बुधवारी तीच फाईल, एक अक्षरही न बदलता, तेलुगू विभागाच्या मॅडमना दिली. त्यांनी आपल्या पेन ड्राईव्हवरून लावली. वीसपैकी वीस. मी विचारलं, तुम्हाला पेन ड्राईव्ह लावू देतात? त्या हसल्या. “मेरेकु तो किसीने कुछ नै बोला मॅडम. रोज लगाती मैं.”

मला मात्र पटवारी सरांनी रुजू झाले त्याच दिवशी सांगितलं होतं. “तुमचा पेन ड्राईव्ह लावू नका मॅडम, व्हायरस येते. फाईल माझ्या व्हॉट्सॲपवर टाका.” मी हे पटवून घेतलं होतं. स्वच्छता म्हणून. शास्त्र म्हणून. आभारही मानले होते.

त्यांनी संगणकावर पाठवलेली फाईल मी परत मागवली. मूळ फाईलशेजारी उघडली. प्रश्नांचे क्रमांक गळालेले, चांदण्या गायब. आता पुरावा हातात आला, असं वाटलं. तरी एक चाचणी बाकी होती. त्यांच्या फोनमधलं ॲप मी माझ्या फोनमध्ये घेतलं, फाईल त्यात उघडली आणि जतन केली. तेच झालं. क्रमांक गेले, चांदण्या गेल्या.

म्हणजे त्यांनी काहीच बिघडवलं नव्हतं. ते फाईल फोनवर उघडून पाहत, जतन करत, पुढे संगणकावर पाठवत. बिघाड वाटेत होत होता, आणि ती वाट फक्त आमच्यासाठी होती. त्यांना कपट करण्याची गरजच नव्हती. नियम पुरेसा होता.

‘आमच्यासाठी’ का म्हणते? दोन्ही विभाग मिळून आम्ही आठ शिक्षक. गुरुवारी एकेकाला विचारलं. सहा जणांचे पेन ड्राईव्ह बिनदिक्कत लागत होते. मनाई दोघांना. एक मी. दुसरे गणिताचे सर, उटनूरकडच्या गोंड वस्तीतले. ते हळूच म्हणाले, “मले बी पयल्याच दिवशी सांगतलं मॅडम. मी म्हनलं, आपलंच काही चुकत असन.”

तीन वर्षं ते असं समजत होते. मी तेरा महिने. आमच्या हातांचा विटाळ होता. त्याला व्हायरस म्हटलं गेलं, आणि विज्ञान शिकलेल्या मला तो शब्द ओळखता आला नाही.

शुक्रवारी अधिकारी मागच्या बाकावर बसले. पटवारी सरांनी हात पुढे केला. “टाका मॅडम व्हॉट्सॲपवर.”

“नाही टाकणार.” मी पर्समधून पेन ड्राईव्ह काढला.

“अवो, व्हायरस येते ना!”

“मग आधी तुमचा तपासू सर. मग बाकी सहकाऱ्यांचे. माझा शेवटी.”

मी पुढे झाले आणि स्वतः लावला. वीसपैकी वीस. मुलं खेळली, भांडली, ओरडली. अधिकारी “बागुंदि”, छान आहे, म्हणाले आणि घड्याळ पाहत निघून गेले. मी ड्राईव्ह काढल्यावर पटवारी सरांनी खिशातून रुमाल काढला आणि संगणकाची ती खाच पुसली. तिथं धूळ नव्हती.

शनिवारी भिंतीवर कागद लागला: परवानगीशिवाय पेन ड्राईव्ह लावू नये. मुख्याध्यापकांना मी विचारलं, हा नियम कुणाकुणाला? ते म्हणाले, “सोडा ना आता मॅडम. तास तर वाचला तुमचा!”

मी सोडणार नाही. तास कुणी मला दान दिलेला नाही. कोणाला अडवलं, कोणाला नाही, हे रोज तारखेसह लिहिणार, आणि त्याची प्रत दर शनिवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहीसाठी ठेवणार. चांगुलपणाच्या भाषेत सांगितलेला प्रत्येक नियम आधी संशयानं पाहणार, मोजणार, मगच पाळायचा की मोडायचा ते ठरवणार. गणिताच्या सरांना हे सांगितलं. मग त्यांनी आपला पेन ड्राईव्ह खिशात टाकला आणि माझ्यासोबत संगणकाच्या खोलीत आले.

सोमवार, ४ ऑगस्ट, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. लावलेले पेन ड्राईव्ह ८. त्यांतले अडवलेले २. अडवल्यावर मागे घेतलेले ०.