लाल गाडीनं जसोंडीला, रेल्वेनं परत

या ब्लॉगवर मी आजवर एसटीचे प्रवास लिहीत आले. खिडकीची सीट, डब्यातले धपाटे, कंडक्टरशी वाद, हे माझं जग. या वेळी मी दोन दारांच्या, दोन सीटच्या, जमिनीला पोट टेकलेल्या लाल स्पोर्ट्स कारनं नाशिकहून बुऱ्हाणपूरला गेले. येऊन आठवडा झाला तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना फक्त फोटो हवेत त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं.

गाडी माझ्या भाच्याची, हर्षलची. वय चोवीस, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी. गाडी सेकंडहँड, पण मिरवणं अगदी नवं कोरं. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, बुऱ्हाणपूरजवळ जसोंडीला केळी लावतात. दादांना गाडी दाखवायची आणि वहिनीच्या हातून तिची पूजा करून घ्यायची, एवढ्यासाठी हा दौरा. वहिनीनं मला फोन केला, "बेबी, तू बस त्याच्याजवळ. तू असली की तो हळू चालवेल." पन्नाशीच्या बाईला माहेरी अजून बेबी म्हणतात, ते असो. मला नेलं ते ब्रेक म्हणून. तो ब्रेक लागला नाही.

या गाडीत बसायचं कसं ते आधी सांगते, कारण कुठल्याच जाहिरातीत ते सांगत नाहीत. साडी असेल तर विसरा. आधी पाठमोरं व्हायचं, मग देवाचं नाव घेऊन खाली पडायचं, मग पाय एकेक करून आत ओढायचे. उतरताना कुणीतरी हात द्यावाच लागतो. सामान ठेवायची जागा एका पिशवीपुरती. माझी पिशवी मांडीवर होती.

मालेगाव, धुळ्यापर्यंत रस्ता छान आहे, आणि तेच वाईट झालं. हर्षल ट्रकच्या मागे दोन मिनिटं राहायला तयार नव्हता. "हळू घे" म्हटलं की म्हणायचा, "आत्या, हिचा पिकअप तुला माहीत नाही." मला पिकअप माहीत नव्हता, पण समोरून येणारी बस दिसत होती. धुळ्याला शेवभाजी खाल्ली, तिखटजाळ आणि उत्तम. जळगाव, भुसावळ ओलांडल्यावर रस्ता कुठं चौपदरी झालाय, कुठं खणून ठेवलाय. खणलेल्या भागात गाडीचं पोट घासलं की हर्षल असा कळवळायचा की बघत राहावं. मुक्ताईनगरला चहाला थांबलो तर पोरांचा घोळका जमला. एकानं विचारलं, "भैया, कितने पे जाती है?" हर्षलनं वेगाचा आकडा सांगितला आणि चहा गार होऊ दिला. लोकांनी बघावं हीच त्याची हौस होती, आणि इच्छापूरच्या पुढे प्रत्येक माणूस बघत होता.

बुऱ्हाणपूर सोडून जसोंडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार होती. हा रस्ता एका गाडीचा. दुसरी आली की दोघांनी एकेक चाक खाली उतरवायचं, हे तिथं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. दोन्ही बाजूला केळीचे मळे, आमच्यापुढे केळीनं लादलेला ट्रॅक्टर. मी म्हटलं, "थांब, घर आलंच." त्यानं गाडी बाहेर काढली. समोरून पांढरी व्हॅन येत होती. मी किंचाळले. व्हॅनवाल्यानं चाक खाली घातलं, आम्ही दोघांच्या मधून सुटलो, आणि मागे वळून पाहिलं तर नुसती धूळ.

"हर्षल, थांब. ती व्हॅन खाली गेली."

"जागा दिली त्यानं, आत्या. धक्कासुद्धा लागला नाही."

मी दोनदा, तीनदा सांगितलं. तो थांबला नाही. थांबला तो गावाच्या अलीकडे, वळणावर, लिंबाच्या झाडाखाली. का, तर गाडीवर धूळ बसली होती. सीटखालून पिवळं फडकं काढून त्यानं गाडी पुसली. बॉनेट, आरसे, दाराच्या कडा, चाकांच्या मधली चकती. मागे माणूस पडलाय की उठलाय याचा पत्ता नाही, आणि हा काचेवर फुंकर मारून पुसतोय. मला धड उतरताही येईना, बसल्या जागेवरून मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरापाशी पोहोचलो. वहिनी ताट घेऊन दारात उभी होती. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायची चार लिंबं. दादा तिच्या पुढे उभे होते आणि त्यांच्या हातात फोन होता.

"ताट आत ने," दादा म्हणाले.

झालं असं होतं की आम्ही ओव्हरटेक केलं तिथल्याच मळ्यात केळीचा ट्रक भरत होता. लाल गाडी येताना पाहून तिथल्या पोरांनी मोबाइल काढले होते. असली गाडी जिल्ह्यात दुसरी नसेल. त्यामुळे आमचं ओव्हरटेक, पांढरी व्हॅन खाली जाऊन चारीत आडवी होणं, आणि आमचं न थांबता जाणं, सगळं गावाच्या ग्रुपवर आलं होतं. आम्ही गाडी पुसत होतो तेवढ्यात अख्ख्या गावानं ते पाहिलं. दादांनी फोन हर्षलपुढे धरला. "लोकांनी बघावं म्हणून घेतली ना? घे. बघितली."

व्हॅन सुपडूभाऊंची होती. गावातली अकरा पोरं ते रोज शहरातल्या शाळेत नेतात आणि आणतात. त्या दिवशी पोरांना आणायलाच निघाले होते. त्यांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं, आणि पोरं शाळेच्या फाटकाशी उन्हात उभी होती. दादा आमचा चेहराही न बघता दुसऱ्याचा पिकअप टेम्पो मागून त्यांना आणायला गेले.

दादा परतल्यावर हर्षलनं जे केलं त्यानं माझं डोकं आणखी फिरलं. तो वकिलासारखा बोलायला लागला. धक्का लागलाच नाही. व्हिडिओत बघा. त्यानं घाबरून गाडी जास्त खाली घेतली. "आणि व्हॅन रिकामी होती, पप्पा."

दादा पाय धूत होते. तांब्या खाली ठेवून त्यांनी वर पाहिलं. "तू ओव्हरटेक करून राहिला होता, तेव्हा माहीत होतं का तुला, रिकामी आहे म्हणून?"

हर्षल जेवलाही नाही. मला त्याची कीव आली नाही, खरं तेच लिहिते.

संध्याकाळी दादा, हर्षल आणि मी सुपडूभाऊंकडे गेलो. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. ओट्यावर पोरांचे आईबाप जमले होते. कुणी म्हणत होतं, पोलीस थाण्यात रिपोर्ट करा. माझंही मत तेच होतं आणि मी ते बोलून दाखवलं. सुपडूभाऊंची बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "बेबीताई, तुम्ही तर गाडीतच होत्या ना?"

हर्षल म्हणाला, "काका, दवाखान्याचा सगळा खर्च मी..."

"खर्चाचं राहू दे," सुपडूभाऊ म्हणाले. "सोमवारपासून पोरांची वार्षिक परीक्षा आहे. त्यांना कोण नेईल ते सांग. एस्टी येत नाही, दुसरी गाडी नाही, आणि मला डॉक्टर स्टिअरिंगला हात लावू देत नाही."

केळी कापणीला आली की ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाही सवड नसते. मग दादा म्हणाले, "हर्षल नेईल. तुझ्या व्हॅननं. तुझा खांदा बरा होईपर्यंत."

ओट्यावर जो गलका झाला तो झाला. एक बाई सरळ म्हणाली की माझा मुलगा घरी बसेल, नापास होईल, पण याच्या हाती देणार नाही. मला तिचं शंभर टक्के पटलं. हर्षल मान खाली घालून ऐकत होता. सुपडूभाऊंनी त्याला एवढंच विचारलं, "चालवशील?" तो हो म्हणाला.

रविवारी व्हॅन बुऱ्हाणपूरच्या मिस्त्रीकडे होती आणि हर्षल दिवसभर तिथं बसला. मी तेवढ्यात राजघाटावर गेले. वाचकांनी जरूर जावं, संध्याकाळी उन्हं कलल्यावर. ताप्तीच्या पात्रात दगडी हत्ती आहे, उन्हाळा लागला की पाणी उतरतं आणि तो पुरता दिसतो. मावा जिलबी खाल्ली. काळपट, जड, दोनात पोट भरतं, आणि रागात खाल्ली तरी गोडच लागते. परत येताना कुठंतरी वाटत होतं की पोरगा पुण्याला पळून जाईल. लाल गाडी घरामागे ठिबकच्या नळ्यांशेजारी ताडपत्रीखाली उभी होती आणि तिची किल्ली दादांच्या खिशात होती.

सोमवारी सकाळी हर्षल व्हॅन घेऊन मारुतीच्या पारापाशी उभा राहिला. मीही मागे बसले होते, पोरांबरोबर मोठं माणूस असावं म्हणून. कुणी आलं नाही. गणवेश घातलेली पोरं दारादारांत दिसत होती, पाठीवर दप्तरं, हातात परीक्षेचे पॅड, आणि त्यांचे खांदे आयांनी धरून ठेवलेले. शाळेची वेळ होत आली. हर्षलनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते, हॉर्न मात्र वाजवला नाही.

मग सुपडूभाऊ चालत आले. डॉक्टरांनी हलू नका सांगितलेला माणूस, प्रत्येक पावलाला तोंड वेडंवाकडं होत होतं. डाव्या हातानं त्यांनी मुलीचं बोट धरलं होतं. दिव्या, चौथीतली. त्यांनी पुढचं दार उघडलं, तिला हर्षलच्या शेजारी बसवलं आणि तिचं दप्तर तिच्या मांडीवर ठेवलं.

"तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही," ते हर्षलला म्हणाले. "गेला तर ही सांगेल मला."

एवढं बोलून ते पाराला टेकून उभे राहिले. त्यांची बायको घराच्या दारात उभी होती आणि तोंडावर पदर धरून रडत होती. मला असा राग आला, हर्षलचा, त्या लाल गाडीचा, रस्त्याचा आणि माझासुद्धा, की मी खिडकीबाहेर बघत बसले. हळूहळू एक पोरगं आलं, मग दोन भावंडं, मग बाकीची. ती नापास-होईल म्हणणारी बाई शेवटी आली आणि तिनं दार स्वतः दोनदा ओढून बघितलं.

रस्त्याला लागल्यावर पोरांना परीक्षेचं काही नव्हतं. "भैया, रेड वाली क्यूं नहीं लाए?" "भैया, भगाव ना. व्हिडिओत कशी भगवली तशी." मागून सगळे ओरडायला लागले, भगाव, भगाव. शनिवारी हेच कुणी म्हटलं असतं तर तो फुलला असता. आता त्याची मान घामानं भिजली होती. समोर केळीचा ट्रॅक्टर होता, मुंगीच्या चालीनं. आम्ही शहरापर्यंत त्याच्या मागे गेलो. मागून एक ट्रक हॉर्न बडवत होता. दिव्याचे डोळे गिअरच्या दांडीवरून हलले नाहीत.

मी आणखी दोन दिवस राहिले. असीरगड बघायचा राहिला, बघायला मनच नव्हतं. हर्षलनं ऑफिसातून रजा वाढवली, मग घरूनच काम मागून घेतलं. लिंबं पूजेला लागली नाहीत, वहिनीनं त्यांचं सरबत केलं आणि आम्ही ते प्यालो. दादा मुलाशी कामापुरतंच बोलत होते. ज्यांना आता वाटतंय की पोरगा सुधारला, सगळं गोड झालं, त्यांना सांगते की सुपडूभाऊंचा खांदा अजून मोडलेलाच आहे.

जायचं असेल तर रेल्वेनं जा. नाशिकरोडहून बुऱ्हाणपूरला पुष्कळ गाड्या मिळतात, खाण्याची चंगळ आणि पाय लांब करायला जागा. मी तशीच परत आले. आता घरी बसून त्या प्रवासातलं काय उरलं म्हणून विचार करते तर राग उरला आहे, भरपूर, आणि एक गोष्ट.

निघायच्या दिवशी पोरांना शाळेत सोडून हर्षल मला व्हॅननं स्टेशनवर पोहोचवत होता. चौकाच्या अलीकडे एका मोटरसायकलवाल्यानं डावीकडून घुसून आमच्या नाकासमोरून गाडी घातली. हर्षलनं कचकन ब्रेक दाबला, केळीची पिशवी माझ्या पायावर आली. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि इतका मोठ्यानं ओरडला की भाजीवाले वळून बघायला लागले.

"दिसत नाही का रे तुला? पोरं बसतात या गाडीत!"

तो पोरगा केव्हाच निघून गेला होता. स्टेशन येईपर्यंत हर्षल त्याला शिव्या देत राहिला. मी मागे वळून पाहिलं. सीटवर कुणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती. बाकी व्हॅन रिकामी होती, आणि मी ते त्याला सांगितलं नाही.