भूतानचा चढ

मला भूत लागलंय, ही बातमी आमच्या सगळ्या वऱ्हाडी मालेगावात सर्वांत शेवटी मला कळली.

आधी माझी परिस्थिती सांगतो. मी रिटायर्ड मास्तर. बायको कुंदा पुण्याला पोराकडे. नातू झाला तेव्हा 'सव्वा महिन्यात येते' म्हणून गेली. आता तो नातू तिला उलट उत्तरं देतो! मी घरात एकटा. एकटा म्हणजे किती? तर कुकरची शिट्टी झाली की 'आलो, आलो!' म्हणतो. (कुकर अजून तरी काही बोललेला नाही.) 'घर खायला उठणे', वाक्यात उपयोग करा, असं मी फळ्यावर जन्मभर लिहिलं. अर्थ आता कळला.

अशात मोबाईलवर एक जाहिरात दिसली. भूतानच्या पहाडांत सायकल सहल, साठीच्या पुढचेही चालतील. मी नाव नोंदवून मोकळा झालो आणि कुंदाला फोन लावला.

"अगं, मी सायकलनं भूतानला जाऊ का?"

"जा ना. येताना दही आणा," ती म्हणाली. पलीकडे नातू बादलीत काहीतरी बुडवत होता, बहुधा तिचा चष्मा. (ती पुण्यात, मी मालेगावात, दही कोणाला? पण परवानगी मिळाली होती, मी कशाला विचारतो!)

आता सराव. आमच्याकडे पहाड कुठून आणायचा? सोयाबीनच्या वावरांमधून गिट्टीखदानीकडे जाणारा एक चढ तेवढा आहे. रोज पहाटे तो चढायचा, वरच्या चिंचेखाली पाणी प्यायचं, उतरायचं, पुन्हा चढायचा. सोबतीला कोणी नाही, म्हणून मी सायकलशीच बोलायचो. "चल बाई, थोडंच राह्यलं! काहून बाई, आज रुसली का तू?" पहाटेची वेळ, चिंचेचं झाड आणि खाली एक म्हातारा 'बाई, बाई' करतोय. यात कोणाला काही खटकेल असं मला खरंच वाटलं नाही!

रुक्माकाकूला खटकलं. काकू माझी शेजारीण, तिचं वावर चढाला लागूनच. एका सकाळी ती धुऱ्याच्या बांधावरून आली आणि समोर उभी राहिली. मी नुकताच वर पोचलो होतो, धापा टाकत होतो, एका दमात एकच शब्द निघत होता.

"काहून करून राह्यला रे परभाकर, हे असं?"

"भूतान!"

"भुतानं?" काकूनं तोंडाला पदर लावला. "कधीपासून?"

"दिवाळीपासून... डोक्यात बसलं."

"मंग? काय म्हनते थे?"

"बोलावून राह्यलं... पहाडावर."

"अन् तू जानार?"

"जानारच! एकटाच. सोबत कोनी येतच नाही, काकू!"

हे शेवटचं जरा रडक्या आवाजात निघालं, पण ते खरं होतं. काकू "अरे बाप्पा!" म्हणाली आणि हातातला विळा तिथंच टाकून घराकडे सुटली.

संध्याकाळी ती मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन दारात हजर. मला वाटलं, परदेशी चाललोय, माझं कौतुक! मी नवरदेवासारखा ऐटीत बसलो. तिनं दृष्ट काढून मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. ठसका लागला की दृष्ट साधी, नाही लागला तर जबर, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र उंचावरच्या विरळ हवेसाठी श्वास रोखायला शिकलो होतो. म्हटलं, दाखवावं! काकू खोकून खोकून अर्धी झाली, मी ढिम्म. प्रकरण फारच जबर आहे, हे तिनं तिथंच ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून तर कमालच! एका घरून ठेचा-भाकर, दुसऱ्या घरून वांग्याची भाजी. डबा आणणारा तासभर बसायचा. "कसं वाटून राह्यलं आता?" विचारायचा. "लय हलकं!" मी म्हणायचो, आणि भूतानचं नाव काढलं की तो हात जोडायचा. मी इतका सुखावलो होतो, की सायकल काकूच्या गोठ्यात साखळीनं बांधलेली सापडली, हँडलला लिंबू-मिरच्या आणि सीटला काळा दोरा, तरी मला राग आला नाही. माझ्या घरात माणसं बोलत होती.

मग एका सकाळी फाटक वाजलं. कुंदा! हातात पिशवी, केस विस्कटलेले, ट्रॅव्हल्समधून उतरून थेट. पुण्यात राहून ती फोनवर 'अहो, जेवलात का' असं गुळगुळीत बोलायला लागली होती. दारात पाय ठेवताच सगळं पुणं गळून पडलं.

"कोनतं भूत व्हय? बाईचं व्हय का?"

"कसलं भूत?"

"काकूनं फोन केला! भुतानं धरलं म्हने तुमाले! चिंचेखाली बाई बाई करता म्हने!"

मला हसू फुटणार तेवढ्यात तिचे डोळे दिसले. रस्ताभर रडत आली होती. माझ्यासाठी! लाज वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"अगं, भूतान! देश आहे तो. तिथं सायकलनं जायचंय. तुला विचारलं होतं, तू म्हणालीस दही आणा."

"देश?" ती ओट्यावर बसली. "देशासाठी मी लेकराले रडत सोडून आली?" आणि मग जी हसत सुटली, ती थांबेचना.

काही दिवस राहिली. मी गोठ्यातून सायकल सोडवून आणली. एका सकाळी चढावर आली, चिंचेखाली पाण्याची बाटली घेऊन बसली. मी खालून सवयीनं ओरडलो, "चल बाई, थोडंच राह्यलं!" वरून उत्तर आलं, "या बुवा, या!" त्या दिवशी तो चढ मला लागलाच नाही.

मग ती गेली. नातवाला तिच्याशिवाय झोप येत नाही. मलाही येत नाही. पण हे बोलून दाखवायला माणूस तीन वर्षांचा असावा लागतो.

तिला गाडीत बसवून घरी आलो. कुलूप काढत होतो, तर भिंतीपलीकडून काकूनं विचारलं,

"काहून रे परभाकर, गेलं का थे?"

"गेलं, काकू. आताच्याच गाडीनं. पुण्याले."

"आँ?"

"काही नाही. फक्त पुढच्या खेपेले धरलं ना मले, तर मिरच्या राहू द्या. पयले पुण्याले फोन करजा!"